पुढचं दार बंद आहे : मिशिगनमधले सहा दिवस

ॲन आर्बरला निखिलच्या घरी पोचलो तेव्हा सोमवारची रात्र संपत आली होती. वाईहून निघाल्यापासून किती तास झाले, हा हिशेब यांनी विमानातच सोडून दिला होता. गाडी थेट गॅरेजात शिरली आणि बॅगाही तिथूनच आत जायला लागल्या. मी म्हटलं, "अरे, आई पहिल्यांदा घरी आलीय, पुढच्या दाराने तरी ने."

"आई, पुढचं दार बंद आहे. महिनाभर तरी उघडायचं नाही."

"बिघडलंय का?"

"नाही. भाडेकरू आलाय."

झोपायच्या आधी ईराने, म्हणजे आमच्या सात वर्षांच्या नातीने, मला हाताला धरून बाहेरून वळसा घालून पुढे नेलं. दारावर रंगीत खडूंनी लिहिलेला कागद: "शू! इथे अंडि आहेत. मागून या." खाली तेच इंग्रजीत, पार्सलवाल्यांसाठी. दारावरच्या दिव्याच्या चौकोनी टोपीवर वाळक्या गवताचं आणि चिखलाचं एक गबाळं घरटं होतं आणि त्याच्या कडेवरून काळी शेपटी बाहेर आलेली दिसत होती. दिव्याच्या बटणावर आतून चिकटपट्टी लावलेली, कुणी चुकून लावू नये म्हणून.

"चार आहेत," ईरा कुजबुजली. "रोज एक घातलं. चौथ्याला उद्या आठ दिवस होतील." तिच्या कॅलेंडरवर चार निळे गोळे होते.

पहिला दिवस : पावणेपाच

अमेरिकेला आलेल्या प्रत्येक आजी-आजोबांसारखे आम्हीही पहाटे साडेतीनला टक्क जागे. स्वयंपाकघरात हळूच चहा टाकला. मे महिना असून स्वेटर, त्यावर शाल. खिडकीबाहेर मिट्ट काळोख. इथे या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो, त्यामुळे सगळा उजेड आपल्याला तयारच मिळणार, अशा समजुतीत बसले होते. पावणेपाचला अंधारातून आवाज आला.

एकच पक्षी, पण थांबायला तयार नाही. दोन-तीन सुरांचा गोल तुकडा वर जायचा, पुढचा तुकडा खाली यायचा, मग श्वासभर विसावा, की पुन्हा वर. आवाज भरदार, ओला. आमच्याकडे एप्रिलात दयाळ असाच पहाटे तारेवर बसून गातो, पण तो मुरक्या घेतो, नकला करतो. हा साधा, एका चालीचा होता. पाच मिनिटांत शेजारच्या आवारातून दुसरा सुरू झाला, मग पलीकडून तिसरा. सगळी गल्ली एकाच पक्ष्याने भरून गेली.

कॉर्नेल विद्यापीठाचं 'मर्लिन' हे पक्षी ओळखायचं फुकट ॲप सुनेने, मुक्ताने, आल्या आल्या फोनवर घालून दिलं होतं. ते उघडून खिडकीशी धरलं, तर लगेच नाव: अमेरिकन रॉबिन. (तुम्ही जाणार असाल तर हे ॲप निघण्यापूर्वीच घ्या आणि जिथे जाणार त्या भागाच्या पक्ष्यांचा संच उतरवून ठेवा, म्हणजे जंगलात नेटवर्क नसलं तरी चालतं.)

रॉबिन? माझ्या डोक्यात रॉबिन म्हणजे चिरक. आमच्या घराच्या गडग्यावर शेपटी ताठ उभी करून बसणारा, चिमणीएवढा काळा पक्षी, शेपटीखाली विटकरी ठिपका. इंग्रजीत तो इंडियन रॉबिन आणि दयाळ मॅगपाय रॉबिन. चिरकाचा आवाज एवढा मोठा नसतो. मग हा कोण?

उजाडल्यावर हिरवळीवर तो स्वतःच आला. साळुंकीपेक्षा थोडा लांब, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण पंचवीस सेंटिमीटर, उभा राहण्याची ढब एकदम ताठ. पाठ राखाडी-तपकिरी, डोकं काळपट, चोच पिवळी. छाती आणि पोट विटेच्या रंगाचं, उन्हात नारिंगी. पोटाचा अगदी खालचा भाग पांढरा. गळ्याजवळ पांढऱ्यावर काळ्या रेघा. आणि डोळ्याभोवती पांढरी तुटक चकती, जणू कुणी चुन्याने गोल काढायला घेतला आणि मधेच सोडून दिला. उडाला तेव्हा शेपटीच्या दोन्ही टोकांना पांढरे ठिपके चमकले.

हा चिरक नव्हे, दयाळही नव्हे. हा कस्तुर! मोसमात महाबळेश्वरच्या जंगलात ऐकू येतो तो पिवळ्या चोचीचा काळसर कस्तुर आणि हा, दोघांचंही कूळ एक, शास्त्रीय नावातला पहिला शब्दही एकच, टर्डस. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना आपल्या देशातला लाल छातीचा छोटा रॉबिन आठवत होता. इथे लाल छाती दिसली, की दिलं तेच नाव. नवख्या गावात गेलेला माणूस दिसेल त्याला आपल्याकडच्या कुणाचं तरी नाव देतोच. मी तरी दुसरं काय केलं?

नावापेक्षा चालीवरून हा लवकर ओळखू येतो, हे मला त्याच सकाळी कळलं. हिरवळीवर दोन प्रकारचे पक्षी होते. एक काळे, चमकदार, अंगावर ठिपके. ते डुलत डुलत, पाय टाकत, गवतात चोच खुपसून उघडत चालले होते. ती स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्याच घराण्यातली, आणि तिची चालही अगदी तशीच. रॉबिन मात्र पाच-सहा पावलं तुरुतुरु पळतो आणि खट्कन थांबतो. मान तिरपी. पुतळा. पुन्हा पळतो, पुन्हा थांबतो. लहानपणी आपण 'स्टॅच्यू' खेळायचो ना, अगदी तसं. एवढी चाल दिसली की दुर्बीण नसली तरी, पाठमोरा असला तरी, पावसात रंग कळत नसला तरी रॉबिनच समजावा.

मान तिरपी कशासाठी? मी म्हटलं, गांडुळाची खसखस ऐकत असणार. यांचं म्हणणं, बघत असणार, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, समोरचं पाहायचं तर मान वळवायलाच हवी. या वादात आम्ही एकटे नाही. १९६५ साली एका संशोधकाने निकाल दिला होता की रॉबिन गांडूळ डोळ्यांनी शोधतो. १९९७ साली कॅनडातल्या दोघांनी, गांडूळ दिसणार नाही अशी व्यवस्था करून पुन्हा प्रयोग केले, तर नुसत्या आवाजावरही त्याला ते सापडलं. म्हणजे दोघंही बरोबर. संसारात असं फार क्वचित होतं.

मग हे घड्याळ लावून बसले. आयुष्यभर वीज मंडळात मीटरचे आकडे लिहिलेला माणूस. दहा मिनिटांत एका रॉबिनने सात गांडुळं ओढून काढली, हे त्यांनी निखिलच्या किराणा यादीमागे लिहून ठेवलं. ओढण्याची रीतही बघण्यासारखी: पाय रोवायचे, अंग मागे झुकवायचं आणि रहाटाचा दोर ओढावा तसं हळूहळू, तुटू न देता काढायचं.

दुपारी शेजारच्या आजीबाई कुंपणाशी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. निखिलने एकदा मादी उठून गेली असताना फोन उंच धरून अंड्यांचा फोटो काढला होता, त्यावर त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं म्हणे. फोटो मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्या निळ्याला मराठीत नेमका शब्द मला सुचेना. आकाशी म्हणावं तर थोडा हिरवट, मोरपिशी म्हणावं तर फारच फिका. इंग्रजीत त्या रंगाला रॉबिनच्या अंड्याचंच नाव आहे.

आजीबाई म्हणाल्या, १९१८ सालचा कायदा आहे, अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं परवानगीशिवाय काढता येत नाही. "आणि कायदा नसता तरी मी काढू दिलं नसतं." घरटं बांधताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. बांधते ती मादीच. गवताची वाटी करायची, त्यात ओला चिखल आणायचा, मग आत बसून छातीने दाबत गोल गोल फिरायचं, की आकार येतो. कुंभाराचंच काम, फक्त इथे चाक थांबलेलं आणि कुंभारीणच फिरते. मातीवर पुन्हा मऊ गवत. बसते तीच. नर गातो, पहारा करतो, पिल्लं निघाली की भरवायला येतो. दोघांतला फरकही आजीबाईंनीच दाखवला: नराचं डोकं जवळजवळ काळं आणि छाती गडद, मादी धुतल्यासारखी फिकट.

त्याचं गाणं इंग्रजीत 'चिअरिली, चिअर-अप, चिअर-अप' असं ऐकतात. ईराने विचारलं, मराठीत काय? पावशा 'पेरते व्हा' म्हणतो हे तिला मराठी शाळेत शिकवलेलं होतं. संध्याकाळी पोर्चच्या बाजूच्या पायरीवर बसून आम्ही दोघींनी बरंच घासून एक ओळ बसवली: "उठली का? उठा की! उठली का? उठा की!" सातारी आहे, पण चपखल बसते.

दुसरा दिवस : आर्ब, आणि माझी फजिती

निकोल्स आर्बोरेटमला इथे सगळे नुसतं 'आर्ब' म्हणतात. विद्यापीठाचं हे झाडांचं रान ह्युरॉन नदीच्या काठी चढउतारावर पसरलंय. प्रवेश फुकट. पिओनीच्या फुलांचा प्रसिद्ध वाफा मेअखेर ते जूनमध्ये फुलतो. आम्हाला नुसत्या घट्ट मुठी दिसल्या. जाताना बूट आणि लांब मोजे घाला, पँट मोज्यात खोचा. इथली गोचीड बारीक असते, आजार देते, आणि घरी आल्यावर अंग तपासावं लागतं. मुक्ताने आम्हाला हे इतक्यांदा सांगितलं की निम्मा वेळ हे पायच बघत होते.

तिथे मी दोनदा फसले. आधी झुडपाखाली पाचोळा उडवणारा एक पक्षी दिसला. काळं डोकं, तांबूस अंग. "रॉबिन!" मी जाहीर केलं. ॲप म्हणालं, टोही. नीट पाहिलं तर तांबूस रंग फक्त कुशींना, मधलं पोट पांढरंशुभ्र, आणि अंगाने लहान. शिवाय दोन्ही पायांनी मागे उडी मारून पाचोळा उकरत होता. रॉबिन असं करत नाही. तो चोचीने पान उचलून बाजूला फेकतो, कपाटात हरवलेली पावती शोधावी तसं.

दुसरी फजिती मोठी. एका फांदीवर छातीभर काळे ठिपके असलेला पक्षी बसला होता. मी वहीत 'वूड थ्रश', म्हणजे ठिपक्यांच्या छातीचा कस्तुर, असं लिहून खाली रेघही मारली. मागून एक कॉलेजची मुलगी आली, गळ्यात मोठी दुर्बीण. तिने हसू दाबत विचारलं, "छातीचा रंग बघितलात?" ठिपक्यांमागे फिकट नारिंगी होतं. शेपटी आखूड, ओठांच्या कडा पिवळ्या. तेवढ्यात काळ्या डोक्याचा एक रॉबिन चोचीत किडा घेऊन आला आणि 'थ्रश'ने तोंड उघडलं. रॉबिनचं पिल्लू! घरट्यातून बाहेर पडून एक-दोन दिवस झालेलं. कस्तुर कुळातल्या पिल्लांच्या अंगावर ठिपके असतातच, मोठेपणी रॉबिनचे जातात. ती मुलगी म्हणाली, बहुतेक वेळा पिल्लं बापाकडे सोपवून आई पुढच्या विणीच्या मागे लागते. उन्हाळ्यात दोन विणी नेहमीच्या, कधी तिसरीही.

असं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलून घरी नेऊ नका. आईबाप जवळपास असतात. फारच रस्त्यावर असेल तर झुडपात ठेवावं आणि मांजर आत घ्यावी.

हिवाळ्यात हे कुठे जातात, असं मी तिला विचारलं. तिचं उत्तर ऐकून आश्चर्य वाटलं. सगळे जात नाहीतच. जमीन गोठते, गांडुळं मिळत नाहीत, म्हणून बरेच दक्षिणेला सरकतात. पण काही थवे इथेच रानात शिरतात आणि फळांवर राहतात. हिरवळीवरून नाहीसे झाले म्हणून लोक समजतात गेले, आणि पुन्हा हिरवळीवर उतरले की म्हणतात, वसंत आला.

तिसरा दिवस : ईस्ट लान्सिंग

मुक्ताचं मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत काम होतं, म्हणून आम्हीही गाडीत बसलो. तासा-सव्वातासाचा रस्ता. ती मीटिंगला गेली आणि आम्ही दोघं बोमाँट टॉवरच्या आसपास मोठमोठ्या झाडांखाली फिरत बसलो. ढगाळ हवा, गार वारा, घड्याळाच्या मनोऱ्यातून मधूनच घंटा. सगळीकडे रॉबिन. एका बाकासमोर मी सहा मोजले. मुलं त्यांच्यामधून सायकली हाणत होती, कुणी वळूनही बघत नव्हतं. १९३१ पासून हा मिशिगनचा राज्यपक्षी आहे.

याच हिरवळीवर एकेकाळी रॉबिन दिसेनासे झाले होते. एल्म झाडांवर बुरशीचा रोग आला होता. तो पसरवणारा भुंगेरा मारण्यासाठी १९५४ पासून या आवारात डीडीटी फवारायला सुरुवात झाली. पुढच्या वसंतात रॉबिन परतले आणि मरायला लागले, तोल जाऊन, झटके येऊन. इथलेच प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज वॉलेस आणि त्यांचा विद्यार्थी यांनी त्याचा छडा लावला. औषध पानांवर बसलं, पानं शरद ऋतूत गळली, गांडुळांनी कुजलेली पानं खाल्ली, विष त्यांच्या अंगात साठलं, आणि वसंतात रॉबिनने गांडुळं खाल्ली. इलिनॉयमधल्या रॉय बार्कर यांनी हिशेब मांडला की अकरा मोठी गांडुळंसुद्धा एका रॉबिनला पुरेशी आहेत. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात ही हकिगत सांगितली आणि ती जगभर गेली. मिशिगनने १९६९ मध्ये डीडीटीची विक्री थांबवली, सगळ्या देशात बंदी यायला १९७२ उजाडलं.

हे मी बाकावर बसून यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मग खिशातून किराणा यादी काढून बघितली. "दहा मिनिटांत सात," ते म्हणाले. "म्हणजे पाव तास."

मला माझ्या लहानपणचे हिवतापवाले आठवले. पाठीवर पंप घेऊन यायचे, आई भांडीकुंडी अंगणात काढायची, भिंतींवर पांढरा फवारा मारून झाला की चौकटीवर गेरूने तारीख लिहून जायचे. तो वास अजून नाकात आहे. घरातल्या पाली उताण्या पडायच्या आणि आम्ही पोरं त्या केरसुणीने लोटायचो. त्या औषधाने आमच्या गावातला हिवताप हटवला, हेही खरंच. फवारणीनंतर आमच्या परसातल्या पक्ष्यांचं काय झालं, हे कुणी मोजलं नव्हतं.

मुक्ता आल्यावर विद्यापीठाच्या डेअरी स्टोअरमध्ये आइस्क्रीम खाल्लं. इथल्याच गाईंचं दूध. एक गोळा म्हणजे आपले तीन. दोघांत एक घ्या.

चौथा दिवस

शुक्रवारी ईराची शाळा सुटल्यावर सगळे उत्तरेला निघालो. ग्रेलिंगपर्यंत तीन तास, सरळसोट महामार्ग. डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि शतावरीच्या कोंबांची, म्हणजे ॲस्परॅगसची, पीठ पेरून केलेली भाजी. मे महिन्यात मिशिगनचा ॲस्परॅगस बाजारात ढिगाने येतो, आणि बेसन लावून तो इतका छान लागतो की हे म्हणाले, गवारीने आता निवृत्ती घ्यावी. वाटेत झाडं बदलत गेली. घराकडे मेपल हिरवेगार होते, वर जाता जाता पानं लहान होत गेली. दोनशे मैलांत जणू दोन आठवडे मागे गेलो. मोटेलवर रात्री पाच अंश.

पाचवा दिवस : मोजे आणि पाइन

सकाळी टक टक टक अशा आवाजाने जाग आली. खाली गाडीच्या बाजूच्या आरशावर एक रॉबिन तुटून पडला होता. आरशात दिसणारा प्रतिस्पर्धी काही हटेना. हा आपटतो, वर जाऊन बसतो, वाकून बघतो, तो तिथेच आहे, पुन्हा आपटतो. दाराच्या काचेवर शिटांच्या रेघा. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसऱ्याला खपवून घेत नाहीत आणि आरशातला दुसरा कधी पळून जात नाही. उपाय साधा, आरसा झाकायचा. झाकायला काही सापडेना, तेव्हा यांचे दोन लोकरी मोजे दोन्ही आरशांवर चढवले. रॉबिन मोज्यावर येऊन बसला, इकडे तिकडे बघितलं आणि निघून गेला. मोटेलचा मालक गुजराती, त्याने दारातूनच विचारलं, "काका, गाडीला थंडी वाजते का?"

हार्टविक पाइन्स इथून जवळच. एकोणिसाव्या शतकात मिशिगनमधले पांढरे पाइन तोडून तोडून संपवले, त्यातून राहिलेला ४९ एकरांचा जुना तुकडा इथे जपलाय. खोड कवेत येत नाही, वर बघताना मान दुखते, खाली पाऊल सुयांच्या गादीवर बिनआवाज पडतं. आणि इथे, उंच अंधारात, पुन्हा तेच गाणं. "उठली का? उठा की!" ईरा ओरडली. पण पक्षी दिसेना. आवारातला रॉबिन पायाशी फिरतो, रानातला दुरूनच 'टुट टुट' करून निघून जातो. मुळात तो रानचाच. आपण हिरवळी केल्या, तो उतरला. त्या हिरवळीतली गांडुळंसुद्धा इथली नाहीत. हिमयुगात बर्फाखाली मिशिगनची होती ती संपली, आजची बहुतेक युरोपातून माणसांबरोबर, कुंड्यांच्या मातीतून आलेली. आणि युरोपातून आलेलं नाव लावणारा पक्षी ती खातो.

गाण्यावरून ओळखताना इथे एक खोच आहे. आणखी दोन पक्षी जवळजवळ याच चालीवर गातात. इथल्या पक्षी बघणाऱ्यांचं ठरलेलं बोलणं आहे: टॅनेजर म्हणजे घसा बसलेला रॉबिन आणि गुलाबी छातीचा ग्रोसबीक म्हणजे गाण्याची शिकवणी लावलेला रॉबिन. दोन्ही त्या सकाळी ऐकले. टॅनेजर लालभडक, उंचावर, आवाज खरखरीत. ग्रोसबीक मात्र खरोखर रियाज केलेला. तुकडे भराभर, गोड, मधे विसावा जवळजवळ नाहीच. रॉबिनचं गाणं आधी कानात मुरलेलं असेल तरच हे दोघं वेगळे काढता येतात. मला चार पहाटांची तालीम झाली होती.

दुपारी सगळे जातात तसे आम्हीही कर्टलंड्स वॉर्बलर बघायला गेलो. हा छोटा पिवळ्या पोटाचा पक्षी मुख्यतः याच भागात, कोवळ्या जॅक पाइनच्या बुंध्याशी जमिनीवर घरटं करतो आणि हिवाळ्यात बहामा बेटांवर जातो. १९८७ मध्ये गाणारे नर मोजले तर अवघे १६७ भरले. त्याच्यासाठी मुद्दाम पाइन लावले, त्याच्या घरट्यात अंडी टाकणारे काउबर्ड पक्षी पकडले, आणि २०१९ मध्ये तो धोक्यातल्यांच्या यादीतून बाहेर आला. विणीच्या काळात त्याचे काही टापू बंद असतात, मार्गदर्शकाबरोबर जाणंच बरं. आम्हाला एका फांदीवर शेपटी हलवणारा नर पूर्ण अर्धा मिनिट दिसला. पंधरा माणसांनी एकदम श्वास रोखला.

काउबर्डचं ऐकून ईराला कोकीळ आठवली. काउबर्ड दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकते आणि बिचारी वॉर्बलर ते उबवते, अगदी आपल्या कावळ्यासारखी. मार्गदर्शक म्हणाला, "रॉबिन फसत नाही. ठिपक्यांचं अंडं दिसलं की उचलून बाहेर फेकतो." ईराची छाती फुगली, जणू तिच्याच घरची सून हुशार निघाली.

परत आलो तर हे कार्यालयापुढच्या हिरवळीकडे तोंड करून उभे. "दहा मिनिटांत पाच," ते म्हणाले. "इथली जमीन रेताड आहे."

सहावा दिवस : धुकं, आणि दार

रविवारी परतताना टॉवस पॉइंटला वळलो. ह्युरॉन सरोवरात घुसलेली वाळूची जीभ, टोकाकडे १८७६ सालचं दीपगृह. मे महिन्यात उत्तरेकडे निघालेले इवलेसे पक्षी पाणी ओलांडण्याआधी इथे उतरतात, म्हणून गर्दी असते. आमच्या नशिबी दाट धुकं. दीपगृहाचा खालचा अर्धा भाग दिसला, वरचा फोटोत पाहिला. घरी वीस अंश असले तरी सरोवराकाठी आठ असतात, तेव्हा टोपी आणि जाड जाकीट घेतल्याशिवाय इथे येऊ नका. थर्मासमधला चहा संपल्यावर आम्ही फार टिकलो नाही.

घरी पोचायला पाच वाजले. ईरा सीटबेल्ट सोडून धावली ती घराला वळसा घालून पुढे. आम्ही बॅगा काढतोय तोवर तिची हाक आली, मोठ्याने नाही, दबक्या आवाजात, पण घाईची. पोर्चच्या पायरीजवळ गवतात अर्धं निळं कवच पडलं होतं, आतून पांढरं, कडा नीट कापल्यासारखी. आई फुटलेली कवचं घरट्यात ठेवत नाही, लांब नेऊन टाकते. हे बहुधा वाटेत सुटलं. वर दिव्यावर काळ्या डोक्याचा नर येऊन बसला, चोचीत गांडूळ. घरट्याच्या कडेवर तीन लालसर, डोळे मिटलेली तोंडं थरथरत वर आली. चौथं दिसलं नाही. मग दिसलं.

शेजारच्या आजीबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी बोटांनी चार दाखवले. त्यांना आधीच माहीत होतं.

ईराने कागद काढून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि 'अंडि'वर काट मारली. मी म्हटलं, तसंही त्यात चूक होती, डी दीर्घ. तिने माझ्याकडे रागाने बघितलं, निळा खडू उचलला आणि थांबली.

"आजी, एक पिल्लू. चार काय?"

"पिल्लं."

"वर टिंब?"

"वर टिंब."

तिने टिंब इतकं मोठं काढलं की ते पाचव्या अंड्यासारखं दिसायला लागलं. मग कागद घेऊन ती मागच्या दाराने बाहेर गेली.